अर्जापासून जोत्यापर्यंत: पूररेषेतल्या भूखंडाचं काम

पूररेषेचा विषय निघाला की लोक आधी नकाशा उघडतात. निळी कुठून गेली, लाल कुठून गेली, आपला गट आत की बाहेर. आमच्या कामात नकाशा सगळ्यात शेवटी येतो. पूररेषा म्हणजे आधी एक पातळी: अमुक ठिकाणी पाणी समुद्रसपाटीपासून इतक्या मीटरपर्यंत चढेल, हा आकडा. तो आकडा जमिनीला जिथे टेकतो तिथे रेषा पडते. म्हणून भूखंडाचा निकाल रंगीत रेषेवर सोडू नये, आकडा मागावा. हे न केल्यामुळे होणारे घोटाळे पंचगंगेच्या काठी, प्रयाग चिखलीपासून नृसिंहवाडीपर्यंत, दर हंगामात बघायला मिळतात.

आधी रंगांचा अर्थ. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी ती निळी रेषा, १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल. नदीपात्र ते निळी रेषा हा निषिद्ध पट्टा, निळी ते लाल हा नियंत्रित पट्टा. रेषा जलसंपदा खातं ठरवतं, १९८९च्या परिपत्रकापासून ही पद्धत चालत आली आहे. त्या रेषेच्या आत काय बांधायचं हे मात्र नगररचनेच्या नियमावलीत लिहिलेलं असतं. केंद्राने पूरमैदानासाठी नमुना विधेयक १९७५ मध्येच राज्यांकडे पाठवलं होतं. मणिपूर, राजस्थान अशा मोजक्या राज्यांनी कायदा केला. आपल्याकडे सगळा भार बांधकाम परवानगीवर आहे. म्हणजे परवानगीच न घेणाऱ्यापुढे रेषा मुकी असते, आणि गुंठ्या-गुंठ्याने विकलेल्या मळीच्या रानात नेमकं तेच चालतं.

‘शंभर वर्षांतून एकदा’ या शब्दांनी जेवढी दिशाभूल होते तेवढी कुठल्याच तांत्रिक शब्दाने होत नसेल. २०१९ला पूर येऊन गेला, आता शंभर वर्षं निवांत, असं लोक खरंच धरून चालतात. दोनच वर्षांनी, २०२१च्या जुलैत, पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ५६ फुटांच्या वर गेली. २०१९ला ती ५५च्या वर होती. त्या शब्दांचा अर्थ एवढाच की दर वर्षी तशा पुराची शक्यता १ टक्का. गृहकर्ज ३० वर्षांचं असेल तर तेवढ्या काळात लाल रेषेचं पाणी एकदा तरी येण्याची शक्यता २६ टक्के होते, निळ्या रेषेचं येण्याची ७१ टक्के. गिऱ्हाइकाला हे दोन आकडे आम्ही पहिल्याच बैठकीत कागदावर करून दाखवतो. पुढची बरीच चर्चा वाचते.

आता पातळी ठरते कशी. सगळ्याचा पाया म्हणजे नदीचे आडवे छेद, म्हणजे एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत एका रेषेत घेतलेल्या उंच्या. हे काम एप्रिल-मे मध्ये उरकावं लागतं. साखर कारखान्यांचा हंगाम संपलेला असतो, ऊस गेलेला असतो, रान मोकळं दिसतं आणि पाणी तळाला असतं. ऑक्टोबरात गेलं तर डोक्यावर ऊस; लेव्हलच्या (उंची मोजायच्या यंत्राच्या) दुर्बिणीतून पानांशिवाय काही दिसत नाही. ड्रोनने भागेल असं वाटतं, पण ड्रोनच्या फोटोंवरून काढलेली पातळी उसाच्या शेंड्यांची असते, जमिनीची नव्हे. अडीच-तीन मीटरचा फरक तिथेच पडला.

सुरुवात बेंचमार्कपासून, म्हणजे समुद्रसपाटीपासूनची उंची पक्की माहीत असलेल्या खुणेपासून. सर्वे ऑफ इंडियाचा जीटीएस बेंचमार्क जवळ असेल तर उत्तम, नसेल तर खात्याच्या बंधाऱ्यावरचा किंवा पुलावरचा खात्रीचा बेंचमार्क घ्यायचा. तिथून जाताना आणि येताना अशी दुहेरी लेव्हल लावायची. फेरी सुरू झाली त्याच खुणेवर बंद होताना येणारा फरक १२ गुणिले किलोमीटरच्या वर्गमूळाइतक्या मिलिमीटरच्या आत हवा. ४ किलोमीटरच्या फेरीला २४ मिलिमीटर. त्याच्या वर गेला तर फेरी पुन्हा. हा कंटाळा करणारे जीपीएसने थेट उंची घेतात. जीपीएसची मूळ उंची गणिती लंबगोलावरून मोजलेली असते आणि आपल्या भागात ती समुद्रसपाटीच्या उंचीपेक्षा साठ मीटरहून जास्त कमी येते. एवढी मोठी चूक लगेच डोळ्यात भरते, म्हणून ती फारशी घातक नाही. घातक असते ती अर्ध्या मीटरची: पुलाच्या जुन्या ड्रॉइंगवरची पातळी, पाणीपुरवठा योजनेचा स्थानिक शून्यावरून धरलेला बेंचमार्क, आणि त्यांची बेमालूम सरमिसळ. शिरोळ तालुक्यासारख्या सपाटीत ५००ला १ असा उतार असेल, तर पातळीतल्या १० सेंटिमीटरच्या चुकीने रेषा जमिनीवर ५० मीटर सरकते. अर्ध्या मीटरने ती पाव किलोमीटर जाईल. म्हणजे कुणाची तरी अख्खी वसाहत.

छेद साधारण १०० ते २०० मीटरला एक, वळणावर आणि पुलापाशी दाट. छेद प्रवाहाला काटकोनात हवा आणि दोन्ही बाजूंनी लाल रेषेच्या वरच्या जमिनीपर्यंत न्यायला हवा. सपाट मुलखात तो एका काठालाच दीड-दोन किलोमीटर जातो. मध्ये पाट, बांध, कुणाचं तरी कुंपण, कुत्री. मोजणीवाला दमतो आणि उंच जमीन यायच्या आधीच थांबतो. मग हेक-रासमध्ये (पुराची पातळी काढायच्या संगणक-मॉडेलमध्ये) त्या छेदाच्या टोकाला आपोआप उभी भिंत धरली जाते. पाणी पसरायचं ते भिंतीला अडून वर चढतं. कागदावर पातळी फुगते आणि समोरच्या काठाचे लोक विनाकारण लाल रेषेत जातात. उलटी चूक वीटभट्ट्यांच्या खड्ड्यांपाशी होते. माती उपसून काठालगत मोठाले खड्डे झालेले असतात. पुरात ते भरतात, पण त्यांच्यातून पाणी पुढे वाहत नाही. त्यांना वाहतं क्षेत्र धरलं की नदी कागदावर रुंद होते आणि पातळी खोटी उतरते. अशा जागा मॉडेलमध्ये हाताने बाद कराव्या लागतात, त्यासाठी स्वतः काठाने चालत जायला लागतं.

कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांबद्दल एक वेगळाच गैरसमज आहे. पावसाळ्याआधी बरगे (गाळ्यांत पाणी अडवणाऱ्या फळ्या) काढलेले असतात, म्हणून बंधारा मोकळा धरून बरेच जण पुढे जातात. खांब तसेच असतात, त्यांच्यावरची स्लॅब तशीच असते, आणि पुराच्या सुरुवातीला झाडोरा त्याच गाळ्यांत अडकतो. मोठ्या पुरात बंधारा पूर्ण बुडाला की त्याचा परिणाम कमी होतो. म्हणजे लाल रेषेपेक्षा छोट्या पुरांच्या पातळीत तो जास्त जाणवतो. पुणे-बंगळूर महामार्गाच्या भरावाचं बरोबर उलटं: पाणी जितकं जास्त तितका तो जास्त अडवतो. शिरोलीपाशी २०१९ आणि २०२१ला महामार्गच बंद पडला होता. भरावातल्या प्रत्येक मोरीचं आणि पुलाचं माप, गाळाने किती भरलंय त्यासकट, टेपने घेतल्याशिवाय त्या भागातली पातळी बरोबर येत नाही.

विसर्ग ठरवायला दर वर्षीचा एकच, सगळ्यात मोठा आकडा घेतात आणि त्या मालिकेवर गम्बेलची किंवा तत्सम संख्याशास्त्रीय पद्धत लावतात. मालिका तीस वर्षांची असेल आणि शेवटच्या काही वर्षांत दोन राक्षसी आकडे असतील, तर शंभर वर्षांचा अंदाज चांगलाच वर सरकतो. म्हणून २०१९च्या आधी आखलेल्या रेषा आणि नंतरच्या रेषा जुळत नाहीत. त्यात कुणाचा कट शोधायची गरज नाही. मोजमापच नसलेल्या छोट्या ओढ्यांसाठी घाटालगत अजून इंग्लिसचं सूत्र चालतं: १२४ गुणिले पाणलोट क्षेत्र, भागिले क्षेत्र अधिक १०.४ याचं वर्गमूळ. क्षेत्र चौरस किलोमीटरमध्ये, उत्तर घनमीटर प्रति सेकंदात. ते पश्चिम घाटाच्या पंख्यासारख्या पाणलोटांवरून बसवलेलं आहे. तेच पूर्वेकडच्या कमी पावसाच्या भागात वापरलं की ओढ्याला नदीचं पाणी येतं.

धरणाखालच्या नदीत मुक्त पाणलोट, म्हणजे ज्याचं पाणी धरणात अडत नाही तो भाग, विसरू नये. मुठेच्या रेषा पुण्यात ६० हजार आणि १ लाख क्युसेकवर धरतात. जुलै २०२४ मध्ये खडकवासल्यातून सुमारे ३५ हजार क्युसेक सुटलं आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकता नगरीत पाणी शिरलं. धरणाच्या दारातून सुटलेला आकडा हा शहरातून वाहणारा आकडा नसतो. धरणाखाली पडलेल्या पावसाचं आणि ओढ्यांचं पाणी त्यात मिळतं. शिवाय साठ हजारांच्या रेषेच्या आतली जमीन त्याहून कमी विसर्गातच भिजू लागणार, हे उघड आहे. तिथे नदी काठाबाहेर पडायला साठ हजार लागत नाहीत.

मॉडेलमध्ये दोन गोष्टींवर उत्तर फिरतं. पहिली, मॅनिंगचा एन, म्हणजे खडबडीतपणा. पात्राला ०.०३ ते ०.०३५ चालतो. काठावरच्या रानाला पुस्तकातून ‘पिकं’ म्हणून ०.०४ उचलला जातो, पण ऑगस्टमधला ऊस म्हणजे माणसाला वाट काढता येणार नाही असं झुडूप. आम्ही तिथे ०.०७च्या खाली जात नाही. दुसरी, खालच्या टोकाची पातळी. पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. कृष्णा आधीच फुगलेली असेल तर पंचगंगेचं पाणी मागे तुंबतं. म्हणून राजाराम बंधाऱ्यावर तेच फूट असले तरी शिरोळकडे दर वेळी तीच पातळी येईल असं नाही. ‘पन्नास फुटाला आमच्या उंबऱ्याला पाणी लागतं’ हे गावातलं गणित कोल्हापूरच्या आसपास बऱ्यापैकी खरं ठरतं, खाली गेलं की ढिलं पडतं. ते फूट मापपट्टीवरचे आहेत, हेही लोक विसरतात. ३९ फूट इशारा आणि ४३ फूट धोका हे बंधाऱ्यावरच्या पट्टीचे आकडे. त्यांचा आपल्या जोत्याच्या उंचीशी थेट संबंध लावता येत नाही.

हे सगळं पडताळायचं ते पूरखुणांवर. चांगली खूण घराच्या आतल्या भिंतीवर मिळते, जिथे पाणी संथ उभं होतं: चुन्यावर तपकिरी सरळ पट्टा, जिल्हा परिषदेच्या शाळेत फळ्याच्या चौकटीवर, देवळात कासवाच्या चौथऱ्यावर. बाहेरच्या भिंतीवर लाटांनी पट्टा दोन-तीन बोटं वर चढलेला असतो. झाडाला अडकलेला पालापाचोळा तर सगळ्यात फसवा. प्रवाहाच्या बाजूने तो रचत जातो आणि पाण्याच्या वर फूटभर ढीग होतो. खूण दाखवणाऱ्याला ‘कुठवर पाणी होतं?’ असं विचारू नये. हात खांद्याकडे जातो. ‘कुठल्या पायरीवरून माघारी फिरलात?’ असं विचारावं. पायरीला स्टाफ (लेव्हलची मापपट्टी) टेकवून पातळी घेता येते. पंधरा-वीस खुणा घेतल्या की दोन-तीन भलत्याच येतात, त्या सोडून द्यायच्या.

मॉडेल खुणांशी जुळलं नाही की मोह होतो एन वाढवायचा. थोडा वाढवला, जुळलं, अहवाल बंद. पण खरी चूक न मोजलेल्या मोरीत किंवा बेंचमार्कमध्ये असेल तर त्या एका पुराला जुळवलेलं मॉडेल लाल रेषेच्या पुराला चुकतं. एन पुस्तकाच्या बाहेर न्यावा लागतोय असं दिसलं की आम्ही संगणक बंद करून पुन्हा काठावर जातो.

आता भूखंडाचं काम. अर्ज जलसंपदाच्या त्या नदीकडे बघणाऱ्या विभागात, कार्यकारी अभियंत्यांच्या नावे. सोबत ताजा सातबारा, गट नकाशा, भूमी अभिलेखच्या मोजणीची क प्रत, झोन दाखला, आणि भूखंडाच्या कोपऱ्यांच्या व मधल्या जागांच्या पातळ्यांचा नकाशा. त्या नकाशावर कुठल्या बेंचमार्कवरून लेव्हल आणली हे लिहिलेलं हवं. क प्रतीशिवाय अर्ज करू नये. गट नकाशाची जुनी प्रत कागद आकसल्याने आणि झेरॉक्सवर झेरॉक्स काढल्याने इतकी बदललेली असते की उपग्रहाच्या चित्रावर ताणून बसवली तर रेषा शेजाऱ्याच्या विहिरीतून जाते.

उत्तर येतं ते बहुधा एका ओळीचं: ‘सदर गट लाल पूररेषेने अंशतः बाधित.’ इथे थांबायचं नाही. पुन्हा पत्र देऊन चार गोष्टी मागायच्या: जवळच्या दोन छेदांचे क्रमांक, त्या दोन्ही ठिकाणच्या निळ्या आणि लाल पातळ्या, पातळ्यांचा आधार (कुठल्या बेंचमार्कवरून), आणि सर्वेक्षणाचं वर्ष. मग हिशेब सोपा आहे. समजा वरच्या छेदावर लाल पातळी ५४६.८०, तीनशे मीटर खालच्या छेदावर ५४६.५०, आणि भूखंड वरच्या छेदापासून १०० मीटरवर. तिथली लाल पातळी ५४६.७०. राज्याच्या २०२०च्या एकत्रिकृत बांधकाम नियमावलीप्रमाणे नियंत्रित पट्ट्यात जोतं लाल पातळीच्या ०.४५ मीटर वर लागतं, म्हणजे ५४७.१५. भूखंडाची जमीन ५४४.९० असेल तर जोतं जमिनीपासून सव्वादोन मीटर वर. एवढा भराव घालण्यापेक्षा खांबांवर इमारत उभी करणं केव्हाही बरं. खाली गाड्या राहतात. फक्त त्या खांबांच्या मध्ये नंतर भिंती घालून दुकानगाळे काढू नयेत. बहुतेक ठिकाणी पाच वर्षांत ते निघतातच. विजेचे मीटर, पाण्याच्या मोटारीचा स्टार्टर आणि लिफ्टचं यंत्र हे सगळं ५४७.१५च्या वर हवं, हे वास्तुविशारदाला लेखी द्यावं लागतं. तोंडी सांगितलेलं मीटर बोर्डपर्यंत पोचत नाही.

निळ्या रेषेच्या आत नवीन इमारत नाही. वाहनतळ, बाग, ओट्यांचा उघडा भाजीबाजार, स्मशानभूमी, सांडपाणी प्रकल्प, नळवाहिन्या असे वापर चालतात. भूखंड अर्धा आत, अर्धा बाहेर असेल तर बाधित भागाचं चटईक्षेत्र उरलेल्या जमिनीवर वापरण्याची तरतूद नियमावलीत आहे. तिचा विचार न करताच लोक जमीन पडत्या भावाने विकतात. नदीची रेषाच आखलेली नसेल, नुसता ओढा असेल, तर ओढ्याच्या पाण्याच्या कडेपासून ९ मीटर आणि नदीच्या कडेपासून १५ मीटर जागा सोडावी लागते. पण नऊ मीटर सोडले म्हणजे सुटलो असं नाही. कोल्हापुरात जयंती नाल्यातून पंचगंगेचं पाणी उलटं शहरात चढतं. नदीपासून दूर, नाल्याजवळ भूखंड असेल तर नाल्याचं नव्हे, नदीचं पाणी तपासावं.

भरावाबद्दल स्पष्टच सांगतो. ‘आधी भराव टाकू, मग पातळी घेऊ’ हा सल्ला देणारे दलाल भरपूर आहेत. एक एकर दोन मीटरने भरायचा तर ८,०९४ घनमीटर, म्हणजे सुमारे २,८६० ब्रास मुरूम. सहा ब्रासच्या टिपरच्या पावणेपाचशे खेपा. त्या लपत नाहीत. खात्याकडे छेद असतात, उपग्रहाची तारीखवार चित्रं कुणीही बघू शकतो, आणि पातळी मूळ जमिनीचीच धरली जाते. पैसा मुरमात जातो, दाखला मिळत नाही, आणि तुमच्या एकरातलं ऐंशी लाख लिटर पाणी शेजाऱ्याकडे सरकतं ते वेगळंच.

खात्याची रेषा चुकली असं खरंच वाटत असेल तर हरकत घेता येते, पण ‘आमच्या आज्ज्याच्या वेळेपासून इथे पाणी नाही’ याला वजन नाही. वजन आहे ते पातळ्यांना. दोन बेंचमार्कवरून बंद केलेली लेव्हल, दर दहा-वीस मीटरला घेतलेले बिंदू, २०१९ आणि २०२१च्या पूरखुणांचे फोटो स्टाफसकट, आणि खात्याचा छेद कुठे अपुरा पडला त्याची खूण. बहुतेक यशस्वी हरकती पातळीवर नसतात. पातळी तीच राहते. जमिनीची उंची चुकीची धरल्यामुळे रेषा भलतीकडून गेली होती, एवढंच सिद्ध होतं.

शेवटचं काम बांधकाम सुरू होताना. जागेजवळच्या मोरीच्या कठड्यावर किंवा विजेच्या खांबाच्या पायावर तात्पुरता बेंचमार्क कोरायचा, नुसत्या रंगाने नाही. रंगावर पहिल्याच आठवड्यात सिमेंटची लगदी पडते. दुसरा, राखीव, रस्त्याच्या पलीकडे. खांबांचं काँक्रीट ओतायच्या आधी शटरिंगवर आणि जोत्याचा बीम झाल्यावर त्यावर, अशी दोनदा लेव्हल लावायची. जोतं तपासणीच्या अर्जावर ‘जोतं पूर्ण’ एवढंच न लिहिता पातळी लिहायची: ५४७.१५, अमुक बेंचमार्कवरून. गवंडी जोतं रस्त्यावरून मोजतो, आणि रस्त्याचं डांबरीकरण मध्ये झालं असेल तर तो तेवढ्याने चुकतो.